शिकागो, टोकियो की नरिमन पॉइंट? : अर्जातल्या एका रकान्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इयरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

प्लेसमेंटचा मोसम जवळ आला की मला एका ठराविक प्रकारचे मेसेज यायला लागतात. "दादा, कन्सल्टिंगचा फॉर्म भरतोय. ऑफिस कुठलं टाकू? मुंबई, गुरुग्राम, की थेट दुबई?" गंमत बघा, केस इंटरव्ह्यूची तयारी या मुलांनी सहा-सहा महिने केलेली असते. सीव्हीतला एकेक शब्द चार सीनियरना दाखवून घेतलेला असतो. आणि ऑफिसचा रकाना मात्र रात्री पावणेबाराला, मुदत संपायला पंधरा मिनिटं उरलेली असताना भरला जातो. कारण तो अगदी साधा वाटतो. एक ड्रॉपडाउन, त्यात शहरांची नावं. आवडतं शहर निवडा, पुढे चला.

मी काही करिअर कौन्सेलर नाही. मला नाद आहे इतिहासाचा. पण या एका रकान्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला तर निवड करणं बरंच सोपं जातं. म्हणून आज आपण फिरायला जाऊ. शिकागो, लंडन, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, कोपनहेगन आणि शेवटी आपली मुंबई. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : हे ऑफिस इथेच का?

शिकागो : एका कंपनीच्या दोन कंपन्या

1926. जेम्स मॅकिन्झी नावाचे शिकागो विद्यापीठातले अकाउंटिंगचे प्राध्यापक स्वतःची फर्म काढतात. त्याआधी 1922 साली त्यांनी अंदाजपत्रकी नियंत्रणावर पुस्तक लिहिलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हिशेब म्हणजे फक्त झालेल्या खर्चाची नोंद नव्हे, पुढे काय करायचं ते ठरवायचं ते हत्यार आहे. शिकागोच का? कारण प्राध्यापक तिथे होते, आणि गिऱ्हाईकही तिथेच होतं. रेल्वेचं जाळं, मांसप्रक्रियेचे कारखाने, मोठमोठी दुकानं. एडविन बूझ यांनी त्याच शहरात 1914 मध्ये असाच धंदा सुरू केला होता.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकिन्झींनी न्यूयॉर्कला दुसरं ऑफिस उघडलं. 1933 मध्ये तिथे एक तरुण वकील रुजू झाला, मार्व्हिन बोवर. हार्वर्डची कायद्याची पदवी, वर हार्वर्डचंच एमबीए. शिकागोचा कारभार सांभाळायला होते मॅकिन्झींचे जुने भागीदार अँड्र्यू थॉमस कर्नी.

आता खरी गोष्ट. 1935 मध्ये मार्शल फील्ड या शिकागोतल्या बड्या दुकानसाखळीने मॅकिन्झींना थेट आपलं प्रमुख केलं. सल्लागारच मालकाच्या खुर्चीत! तिथे त्यांनी धडाधड विभाग बंद केले, माणसं कमी केली, रोष ओढवून घेतला. आणि 1937 मध्ये न्यूमोनियाने ते गेले. वय फक्त 48.

संस्थापक गेला, मागे राहिली दोन शहरांतली दोन ऑफिसं. त्यांचं जमेना. 1939 मध्ये वाटण्या झाल्या. न्यूयॉर्कचा गट पुढे मॅकिन्झी अँड कंपनी झाला आणि शिकागोचा गट कालांतराने ए. टी. कर्नी. आज या दोन्ही स्वतंत्र जागतिक कंपन्या आहेत, एकमेकांच्या स्पर्धक.

जरा विचार करा. 1934 मध्ये या फर्ममध्ये लागलेल्या दोन मुलांपैकी एकाने शिकागो घेतलं असेल, एकाने न्यूयॉर्क. पगाराच्या चिठ्ठीवर नाव एकच. पाच वर्षांत दोघं दोन वेगळ्या कंपन्यांत! ऑफिस निवडताना आपण शहर निवडतोय असं वाटतं. खरं तर आपण माणसांचा एक गट निवडत असतो.

बोवर यांनी यातून जे घेतलं, ते आजच्या अर्जदारालाही लागू आहे. त्यांनी "एकच फर्म" हे तत्त्व कंपनीत मुरवलं. नफा प्रत्येक ऑफिसचा वेगळा नाही, सगळ्यांचा एका हंड्यात. भरती आणि बढतीचे निकष सगळीकडे सारखे. क्लायंट एका ऑफिसचा नाही, पूर्ण फर्मचा. याचा साधा अर्थ असा, की एका ऑफिसचा माणूस दुसऱ्या ऑफिसच्या कामावर जाऊ शकतो आणि त्यात कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. काही फर्ममध्ये मात्र प्रत्येक देशातले भागीदार आपापला हिशेब वेगळा ठेवतात. चार मोठ्या ऑडिट कंपन्यांचं जाळं तर अनेक देशांतल्या स्वतंत्र सदस्य फर्मनी बनलेलं आहे. तिथे एका देशातून दुसऱ्या देशात बदली म्हणजे जवळजवळ नवी नोकरीच. "आत्ता मुंबई घेतो, दोन वर्षांनी लंडनला बदली मागतो" असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो : तुझ्या फर्मचा हंडा एक आहे की अनेक?

लंडन : ऑफिस क्लायंटच्या मागे जातं

मॅकिन्झीचं लंडन ऑफिस उघडलं 1959 मध्ये. अमेरिकेबाहेरचं हे त्यांचं पहिलं मोठं पाऊल. कोणीतरी नकाशावर बोट ठेवून "चला, युरोप" असं म्हणालं नव्हतं बरं का. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी रॉयल डच शेल या तेल कंपनीने त्यांना व्हेनेझुएलातल्या आपल्या कारभाराचा अभ्यास करायला सांगितलं. ते काम पसंत पडलं, मग पूर्ण शेलच्याच रचनेचं काम आलं. शेलचा कारभार लंडन आणि हेगमधून चालायचा. क्लायंट तिथे, म्हणून ऑफिस तिथे.

पुढच्या दहा वर्षांत ब्रिटनमधल्या बड्या कंपन्या एकामागून एक त्यांच्याकडे आल्या. 1968 मध्ये तर खुद्द बँक ऑफ इंग्लंडने या अमेरिकन सल्लागारांना बोलावलं. यावर तिथल्या वर्तमानपत्रांत आणि संसदेत बरीच कुरबुर झाली. आपल्या देशी सल्लागारांना सोडून हे परके कशाला?

यातला धडा सोपा आहे. ऑफिसच्या खिडकीतून काय दिसतं ते बघू नका, त्या ऑफिसला काम कोण देतं ते बघा. आजचं ताजं उदाहरण रियाध. सौदी अरेबियाने 2016 मध्ये "व्हिजन 2030" जाहीर केलं आणि सल्लागारांना तिथे भरपूर काम मिळू लागलं. मग 2021 मध्ये तिथल्या सरकारने सांगितलं, 2024 पासून सरकारी कंत्राट हवं असेल तर तुमचं प्रादेशिक मुख्यालय आमच्या देशात पाहिजे. म्हणजे ऑफिस कुठे असावं हे क्लायंटनेच ठरवलं! दुबई टाकणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. झोपायला दुबई आणि आठवड्यातले चार दिवस रियाधला, असं आयुष्य असू शकतं. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अर्जात "दुबई" लिहिताना मनात बुर्ज खलिफा असेल, तर एकदा रियाधच्या विमानाचं वेळापत्रकही बघून ठेवा.

टोकियो : भाषा येणारा माणूस

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 1963 मध्ये ब्रूस हेंडरसन बॉस्टनमध्ये एका बँकेच्या आधाराने एकट्याने सल्ल्याचं काम सुरू करतात. पहिल्या महिन्याची कमाई 500 डॉलर. यातूनच पुढे बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप झाला, म्हणजे आपला बीसीजी. तीन वर्षांनी, 1966 मध्ये, त्यांनी दुसरं ऑफिस उघडलं. कुठे असेल? न्यूयॉर्क? शिकागो? लंडन? नाही. टोकियो!

त्या काळी हे वेडेपणाचंच वाटलं असणार. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी अमेरिकेत समजूत होती. पण बीसीजीकडे एक माणूस होता, जेम्स अबेगलन. दुसऱ्या महायुद्धात हे अमेरिकन मरीन म्हणून जपानशी लढले होते. युद्धानंतर बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांची पाहणी करणाऱ्या पथकातून जपानमध्ये गेले. भाषा शिकले, कारखाने हिंडले आणि 1958 मध्ये जपानी कारखान्यांवर पुस्तक लिहिलं. पुढे तर त्यांनी जपानचं नागरिकत्वच घेतलं. ऑफिस टोकियोत उघडलं, त्यामागे भाषा आणि समाज कळणारा हा माणूस होता.

त्याचा फायदा काय झाला? जपानी कंपन्या मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून खर्च कसा खाली आणतात, ते बीसीजीला जवळून बघायला मिळालं. 1975 मध्ये ब्रिटिश सरकारला प्रश्न पडला, आपला मोटारसायकल उद्योग होंडापुढे का कोसळला? तो अहवाल लिहिला बीसीजीने.

आता आपल्याकडे वळू. जर्मनीचं, फ्रान्सचं, जपानचं किंवा ब्राझीलचं ऑफिस टाकायचं असेल, तर तिथली भाषा कामकाज चालवता येईल इतकी यावी लागते. सहा महिने ॲपवर शिकलेली जर्मन म्युनिकच्या बोर्डरूममध्ये टिकत नाही. पण हा मुद्दा उलटाही करून बघा. तुमची मराठी! नरिमन पॉइंटच्या मीटिंगमध्ये इंग्रजीच चालेल, कबूल. पण चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात लाइन का थांबते, हे शोधायला पाठवलं तर? तिथला सुपरवायझर साहेबांपुढे एक बोलतो आणि चहाच्या टपरीवर मराठीत दुसरंच. ते दुसरं ऐकू येणं हे कौशल्य आहे. सीव्हीमध्ये "भाषा" या सदरात मराठी लिहायला लाजणारी मुलं मी पाहिली आहेत. अबेगलनची गोष्ट त्यांच्यासाठीच सांगितली.

सॅन फ्रान्सिस्को आणि कोपनहेगन : लहान ऑफिसचा फायदा, आणि त्याची किंमत

1977 मध्ये मॅकिन्झीने दोन अंतर्गत अभ्यास हाती घेतले. व्यूहरचनेवरचा, म्हणजे स्ट्रॅटेजीवरचा, मानाचा अभ्यास न्यूयॉर्ककडे. संघटनेवरचा दुय्यम समजला गेलेला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या लहानशा ऑफिसकडे. तिथे होते टॉम पीटर्स आणि बॉब वॉटरमन. मुख्यालयापासून लांब, कोणाचं फारसं लक्ष नाही, त्यामुळे दोघांना मोकळीक मिळाली. त्यातून "सेव्हन-एस" ही चौकट आली आणि 1982 मध्ये "इन सर्च ऑफ एक्सलन्स" हे पुस्तक. लाखो प्रती खपल्या.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. पुस्तक यायच्या आधीच पीटर्स फर्ममधून बाहेर पडले होते. लांबच्या ऑफिसात मोकळीक मिळते हे खरं, पण घरच्या दरबारात तुमची बाजू मांडणारं कोणी असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट रजत गुप्तांची. कोलकात्यात जन्म, आयआयटी दिल्ली, मग हार्वर्ड. 1973 मध्ये मॅकिन्झीने आधी त्यांना नाकारलं होतं, अनुभव कमी म्हणून. त्यांच्या एका प्राध्यापकांनी न्यूयॉर्क ऑफिसच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, तेव्हा दार उघडलं. 1981 मध्ये ते स्कँडिनेव्हियात गेले, कोपनहेगनला, आणि तिथल्या कामाचे प्रमुख झाले. फर्मच्या नकाशावर तो तेव्हा कोपराच मानला जायचा. तिथे त्यांनी पसारा वाढवला, मग शिकागो, आणि 1994 मध्ये पूर्ण फर्मचे प्रमुख. अमेरिकेबाहेर जन्मलेला पहिलाच माणूस त्या पदावर. (पुढे 2012 मध्ये शेअर बाजारातल्या गोपनीय माहितीच्या प्रकरणात ते दोषी ठरले आणि तुरुंगातही गेले. तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट राहते.)

ही गोष्ट ऐकून बरेच जण म्हणतात, "म्हणजे लहान ऑफिस टाकायचं, पटकन वर जाता येतं!" थांबा. गुप्ता कोपनहेगनला गेले तेव्हा त्यांच्या पाठीशी न्यूयॉर्कची आठ वर्षं होती. काम शिकून झालं होतं, ओळखी झाल्या होत्या. नवख्या माणसाचं गणित वेगळं असतं. मोठ्या ऑफिसात जागा जास्त, पण अर्जही जास्त. लहान ऑफिसात स्पर्धा कमी दिसते, पण त्या वर्षी जागाच दोन असतील, आणि "हा इथे टिकणार का?" हा संशय दहापट. त्यात कामाचे प्रकारही मोजके. तुमच्या वाट्याला एकच पार्टनर आला आणि त्याच्याशी जमलं नाही, तर जायचं कुठे?

मुंबई, गुरुग्राम आणि नावातला घोळ

1991 च्या आर्थिक सुधारणांआधीही आपल्याकडे सल्लागार होते. मुंबईत ए. एफ. फर्ग्युसनसारख्या जुन्या फर्म होत्या, 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम सुरू झाल्या होत्या. पण परदेशी फर्मनी बस्तान बसवलं ते सुधारणांनंतर. मॅकिन्झी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आली, बीसीजीने 1996 मध्ये मुंबईत ऑफिस उघडलं. का मुंबई? तेच शिकागोचं आणि लंडनचं उत्तर. रिझर्व्ह बँक इथे, शेअर बाजार इथे, टाटा, बिर्ला, अंबानी, महिंद्र इथे. बेन 2006 मध्ये आली, पण तिने सुरुवात दिल्लीकडून केली. तोवर गुरुग्राममध्ये मोटारगाड्या, टेलिकॉम आणि परदेशी कंपन्यांची भारतातली मुख्यालयं जमली होती, शिवाय मंत्रालयं तासाभरावर. बेंगळुरूचं आकर्षण तंत्रज्ञान.

तेव्हा मुंबई की गुरुग्राम, हा वडापाव की छोले-भटुरे असा वाद नाही. बँकिंग-विम्यात रस असेल तर मुंबई साहजिक, सरकारी कामात असेल तर दिल्ली साहजिक. बऱ्याच फर्म भारताला एकच ऑफिस धरून कामं वाटतात, त्यामुळे मुंबईत राहून तुम्ही सोमवारी पहाटे चेन्नईचं विमान पकडत असाल. पण तुमचे सीनियर, तुमचे मित्र, तुमच्यासाठी शब्द टाकणारे लोक, हे घरच्या ऑफिसातच असतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे कान देऊन ऐका. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या फर्मनी भारतात संशोधन आणि विश्लेषणाची केंद्रंही काढली, गुरुग्राम त्यात आघाडीवर. जगभरच्या टीमना तिथून माहिती आणि विश्लेषण पुरवलं जातं. काम चांगलं, माणसं हुशार. पण तो क्लायंटसमोर बसणाऱ्या कन्सल्टंटचा रस्ता नाही. बढतीची शिडी वेगळी, पगार वेगळा, आणि इकडून तिकडे जाणं आपोआप होत नाही. पाटी एकच असल्यामुळे मुलं फसतात. शहराचं नाव वाचण्याआधी पदाचं नाव वाचा. शिकागो आणि न्यूयॉर्कची गोष्ट आठवा : चिठ्ठीवर नाव एक, नोकऱ्या दोन.

मग रकाना कसा भरायचा?

इतिहासातून मला हाती लागतात ते पाच प्रश्न. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, या ऑफिसला काम कोण देतं? तिथले मोठे क्लायंट कोणत्या धंद्यातले आहेत, आणि त्या धंद्यात मला खरंच रस आहे का?

दोन, तिथे माझ्या ओळखीचं किंवा माझ्या कॉलेजचं कोण आहे? रजत गुप्तांसाठी एका पत्राने दार उघडलं. आज पत्राच्या जागी रेफरल आहे. पण रेफरल देणारा ज्या ऑफिसात असतो, तिथे त्याच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन.

तीन, भाषा आणि व्हिसा. अमेरिकेचं ऑफिस टाकत असाल तर एच-वन-बीचा नेहमीचा वार्षिक कोटा 85,000 चा आणि निवड सोडतीने, हे धरूनच चाला. तिथेच शिकत असाल तर गोष्ट वेगळी. भारतातून थेट अर्ज करत असाल तर फर्म विचारणारच, इथल्या मुलाला सोडून तुला का आणू?

चार, फर्मचा हंडा एक की अनेक? म्हणजे पुढे बदली शक्य आहे का?

पाच, "हेच शहर का?" याचं खरं उत्तर माझ्याकडे आहे का? इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न येतोच. "मोठं शहर आहे, संधी खूप आहेत" हे उत्तर कुठल्याही शहराला चिकटतं, म्हणून ते निरुपयोगी. "आईवडील नाशिकला आहेत, बँकिंगमध्ये दोन वर्षं काढलीत, पुढची दहा वर्षं इथेच काम करायचंय" हे साधं उत्तर जास्त वजनदार, कारण त्यात तुम्ही टिकाल याची खात्री मिळते.

आणखी एक व्यवहारी सूचना. एकाच फर्मच्या चार ऑफिसना चार वेगवेगळे अर्ज टाकू नका. तुमची नोंद फर्मभर दिसते, आणि एकदा नकार आला की बऱ्याच ठिकाणी पुन्हा अर्ज करायला वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं. प्राधान्यक्रम विचारला असेल तर पहिल्या क्रमांकावर तेच ठेवा, जिथे वरच्या पाचपैकी निदान तीन प्रश्नांचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. सगळीच ऑफिसं भीतीपोटी टिकमार्क केली, तर वाचणाऱ्याला कळतं की याला कुठलंच नकोय.

घरच्यांशीही एकदा बोला. मुलींना हा प्रश्न जास्त टोचतो, हे मला मेसेजेसवरून दिसतं. "गुरुग्राम नको, लांब आहे, मुंबई चालेल" असं घरून आलेलं असतं आणि फॉर्ममध्ये ते कारण लिहिता येत नाही. तेव्हा घरच्यांना शहर नका समजावू, काम समजावा. आठवड्यातले तीन-चार दिवस असंही बाहेरगावीच जाणार आहेत, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं. रुजू झाल्यावर कळलं तर जास्त त्रास होतो.

हेंडरसन यांनी टोकियो निवडलं तेव्हा बॉस्टनमध्ये अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. पण त्यांच्याकडे "टोकियोच का?" याचं उत्तर होतं, आणि ते उत्तर चालतं-बोलतं त्यांच्या ऑफिसात बसलेलं होतं. तुमच्या रकान्यामागेही असं एक उत्तर असू दे. मग शहर कुठलंही असो.

फॉर्म पावणेबाराला भरू नका एवढंच सांगतो. भेटू पुढच्या भागात!